जुनी सेडान बघायला सकाळी जा, बॉनेट गार असताना

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण जुनी गाडी घ्यायचं मनात असेल तर पूर्ण वाचा.

दोन वर्षांपूर्वी मी २०१२ची पेट्रोल सेडान घेतली, १ लाख ९० हजारांत. एसी थंडगार, मीटरवर फक्त ६२ हजार किलोमीटर. त्या आकड्यावरच मी भाळलो. मुंबईत किलोमीटरवरून इंजिन किती झिजलंय ते कळत नाही हो! अंधेरीला वीस वीस मिनिटं गाडी जागची हलत नाही तेव्हा मीटर थांबलेला असतो, इंजिन चालूच. समोरून वारा नाही, रेडिएटरची सगळी भिस्त पंख्यावर.

गेल्या मे महिन्यात बाबांना परळला तपासणीला नेत होतो. पार्ल्याजवळ टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. मागून हॉर्न, त्यात डॉक्टरांची वेळ ठरलेली. म्हटलं, वांद्र्यापर्यंत काढू. कलानगरला बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि गाडी बंद पडली. बाबांना टॅक्सीत बसवलं, गाडी टो करून गॅरेजला.

गॅरेजवाल्या दादांनी ऑइलचं झाकण काढून उलटं माझ्यासमोर धरलं. आतून फिकट तपकिरी साय, दूध जास्त झालेल्या चहावर येते तशी. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, उडालं होतं, पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. मूळ दुखणं? रेडिएटरचा खालचा पाइप तडकलेला. पाइप ८०० रुपयांचा. पण तोवर ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलं होतं. हेड उतरवून फेसिंग (वाकलेला भाग घासून सपाट करणं), गॅस्केट सेट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ऑइल, कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), मजुरी धरून ३४ हजार. पिस्टन-रिंगा वाचल्या, नाहीतर फुल इंजिन काम निघालं असतं. दादा म्हणाले, "पार्ल्यालाच बंद केली असती तर पाइपावर भागलं असतं."

हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. रस्त्यात थांबलो तर लोक शिव्या घालतील म्हणून आपण गाडी ओढत नेतो. घालू द्या शिव्या! काटा वर गेला की बाजूला घ्या, इंजिन बंद करा. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

गाडी बघायला सकाळी जा. बॉनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवलेली आहे. गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. आत गंजकट पाणी दिसलं तर कूलंटऐवजी नळाचं पाणीच भरत आलेत असं समजा. माझ्या गाडीत तेच होतं. मग एसी बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटं जागेवर चालू ठेवा, पंखा आपोआप लागतो का बघा. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर तिथूनच परत फिरा.

पावसाळ्याचंही सांगतो. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो, आणि साध्या विम्यात तो खर्च सहसा मिळत नाही.

दहिसर ते वांद्रे या पट्ट्यात कुणी गाडी बघत असेल तर मेसेज करा. रविवारी सकाळी मी बरोबर येईन. फक्त मालकाला सांगून ठेवा, आपण पोचेपर्यंत चावी लावू नका म्हणून.