अधिकमास कुणी घेतला, कुणी नाकारला

सोलापूरच्या सात रस्त्याच्या कट्ट्यावर वाद पेटला तो रमजानच्या तारखेवरून. "2019 ला रोजे मे महिन्याच्या उन्हात होते, 2024 ला मार्चमध्ये. ज्यूंचे महिनेही चंद्राचेच, पण इजिप्तमधून सुटकेचा त्यांचा सण, पेसाह, वसंत सोडत नाही. अरबांना अधिकमास जमला नाही, दुसरं काय!" वकील म्हणाला.

मास्तरांनी विटेच्या तुकड्यानं कट्ट्यावरच आकडे मांडले. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा म्हणजे 354 दिवस, सौरवर्षाला 11 कमी. 19 वर्षांचे 228 महिने होतात. त्यात 7 वाढवून 235 केले की चंद्र-सूर्याचा हिशेब दोनेक तासांच्या फरकानं जुळतो. आपल्याकडे ज्या महिन्यात सूर्याचं संक्रमण नाही तो अधिक. ज्यूंनी मात्र वर्षांचे क्रमांकच बांधून टाकलेत: चक्राचं 3, 6, 8, 11, 14, 17 आणि 19 वं. त्या वर्षी अदार महिना दोनदा. कारण तोराह या त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञाच आहे, पेसाह कणसं धरण्याच्या महिन्यात पाळा.

"हे गणित नंतरचं," मास्तर सांगू लागले. "आधी नव्या चंद्राची कोर पाहिलेले साक्षीदार जेरुसलेमच्या न्यायसभेपुढे उभे राहायचे. मग डोंगरामागून डोंगरावर मशाली पेटवून खबर जायची. ज्यूंशी फटकून असलेल्या शोमरोनी पंथाच्या लोकांनी खोट्या मशाली पेटवल्या, तेव्हा निरोपे धाडावे लागले. दूरच्या गावी निरोप वेळेत पोचेना, म्हणून तिथं सण दोन दिवस." आज पंचांग पक्कं आहे, तरी इस्राएलबाहेरचे परंपरावादी ज्यू तो जादा दिवस पाळतातच. शिवाय योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास शुक्रवारी किंवा रविवारी येऊ देत नाहीत. शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, लागून आला तर सलग दोन दिवस चूल बंद. म्हणून वर्षारंभच एखाद-दोन दिवस पुढे ढकलतात.

इतका वेळ गप्प असलेले चाचा आता बोलले. "जमला नाही म्हणू नका, वकीलसाहेब. अरबस्तानात 'नसी' होतीच, म्हणजे पवित्र महिने सोयीनं मागंपुढं सरकवणं. कुराणात सूरह तौबामध्ये महिने बाराच सांगितलेत आणि नसीला सरळ मनाई केली. हा हुकूम आहे, हुकलेला हिशेब नव्हे." म्हणून एकोणतिसाव्या संध्याकाळी कोर दिसली तर ईद, ढग आले तर तीस रोजे पुरे. साधारण 33 वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. 2030 मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा सुरू होईल. मला चाचांचं म्हणणं पटतं. न घेतलेल्या अधिकमासामागेही श्रद्धाच उभी आहे.

"मग ख्रिस्ती चंद्र पाळतात की सूर्य?" वकिलाचा पुढचा प्रश्न.

"दोन्ही," अण्णा म्हणाले. "नाताळ आपल्या गड्डा यात्रेसारखा. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीला बांधलेली, तसा तो 25 डिसेंबरला. ईस्टर मात्र चंद्राचा. येशूचं शेवटचं भोजन पेसाहच्या दिवसांतलं, पण पुनरुत्थान रविवारचं. काही जण ज्यूंबरोबर निसान या पेसाहच्या महिन्याच्या चौदाव्या तिथीलाच सण करायचे, मग तो कुठल्याही वारी येवो. 325 साली नायसियाच्या परिषदेत ठरलं, सगळ्यांचा रविवार एकच, आणि ज्यूंच्या पंचांगावर अवलंबून राहायचं नाही." नियम असा बसला: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. पौर्णिमा आकाशातली नाही, चर्चच्या कोष्टकातली. त्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या बाहेर जात नाही. पूर्वेकडची बहुतेक चर्चेस ईस्टरसाठी जुन्या ज्युलियन पंचांगानं चालतात, ते 13 दिवस मागं आहे. 2024 ला त्यांचा ईस्टर 5 मेला झाला.

वकील तरी हटेना. "त्याच 2024 ला रोमचा ईस्टर 31 मार्चला आणि पेसाह 23 एप्रिलला. एकाच चंद्रात तीन आठवड्यांची तफावत? चुकलं कोण?"

"ज्यूंचं 5784 वं वर्ष होतं ते," मास्तर म्हणाले. "19 नं भागून बघ."

वकिलानं विटेचा तुकडा घेऊन भागाकार मांडला. बाकी 8 उरली.