सई परांजपे ‘निरुपद्रवी’ नव्हेत

‘सई परांजपेंनी हलकेफुलके, निरुपद्रवी सिनेमे काढले, तेही घराण्याच्या जोरावर, आणि ‘चश्मेबद्दूर’नंतर त्या संपल्या.’ हे विधान हल्ली सर्रास पुढे ढकललं जातं. त्यातली एकही गोष्ट टिकत नाही.

घराण्याचं आधी उरकतो. आजोबा गणितज्ञ रँग्लर परांजपे, आई लेखिका-समाजसेविका शकुंतला परांजपे, हे खरंच. पण गणिताच्या घराण्यातून सिनेमा वारशाने मिळत नाही. सईबाई पुणे आकाशवाणीवर होत्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या, दूरदर्शनवर राबल्या. ‘स्पर्श’ आला तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती.

आता ‘हलकेफुलके’. ‘स्पर्श’मधला अंधशाळेचा प्राचार्य अनिरुद्ध आठवा. त्याच्या शाळेत शिकवायला येणारी कविता कॉफीच्या वेळी मदतीला सरसावते आणि तो भडकतो. मदत चालेल, कीव नको. पुढे ती लग्नाला तयार होते, तर हे प्रेम की त्याग, या शंकेने तो ठरलेलं लग्न मोडतो. अंध माणसाबद्दल हळहळून मोकळं व्हायची सोयच बाई ठेवत नाहीत. त्याचा ताठा आणि दुखरा अहंकारही तितक्याच स्वच्छपणे दाखवतात. या पटकथेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बरं, विनोदी सिनेमे घ्या. ‘चश्मेबद्दूर’मध्ये मुलीने वाटेला लावलेले दोन मित्र खोलीवर येऊन तिला पटवल्याच्या थापा मारतात आणि त्यापायी तिसऱ्याचं प्रेम तुटायला येतं. हसू येतं ते पुरुषांच्या बढायांचं, मुलीचं नव्हे. ‘कथा’ (1983) तर त्याहून धारदार. थापाड्या बाशू संध्याला फसवून पसार होतो, त्याचं काही वाकडं होत नाही. झालेलं संध्या तिच्यावर मनातून प्रेम करणाऱ्या सरळमार्गी शेजाऱ्याला, राजारामला, स्वतः सांगते आणि तो तरीही तिच्याशी लग्न करतो. त्या काळच्या हिंदी सिनेमात अशा नायिकेच्या वाट्याला बहुधा आत्महत्या यायची. मला हा शेवट त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत धीट वाटतो.

राहिलं ‘संपल्या’. ‘कथा’च ‘चश्मेबद्दूर’नंतरचा, म्हणजे दावा तिथेच कोसळतो. मग ‘दिशा’ (1990) आला, नव्वदीच्या अखेरीस ‘साज’. मराठी रंगभूमीवरची ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’ ही नाटकं तर वेगळीच. ‘दिशा’त गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आलेली माणसं एकाच खोलीत दाटीवाटीने राहतात आणि मागे गावात एकजण पाण्यासाठी विहीर खणत बसलेला असतो. निरुपद्रवी म्हणणाऱ्यांनी आधी हा चित्रपट पाहावा, मग बोलावं.