पोलो जीटीला 17 चे अलॉय घालण्याआधी

चाकणला बनायची ती फोक्सवॅगनची पोलो 2022 मध्ये बंद झाली, पण सेकंडहँड जीटी टीएसआय घेऊन सजवणाऱ्यांचा उत्साह काही ओसरत नाही. (तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर खुशाल भांडा.) गाडी हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला: 17 इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, बसतील ना?

बसतील. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या रस्त्यांवर या गाडीला 16 च्या पुढे जाऊ नये. आणि पैसे मोजकेच असतील तर अलॉय राहू द्या, ते सगळे टायरवर घाला. गाडी वळणात धरून ठेवतो तो टायर.

कंपनीने हिला दोन मापं दिली. आधी 185/60 आर15, नंतर 195/55 आर16. (पहिला आकडा मिमीतली रुंदी, दुसरा टक्केवारी, आर नंतरचा रिमचे इंच.) टायरची पूर्ण उंची काढायची तर रुंदीला टक्केवारीने गुणा, आलेल्या साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, दुप्पट करा आणि रिमचे इंच गुणिले 25.4 त्यात मिळवा. पहिला येतो 603 मिमी, दुसरा 621. म्हणजे 3 टक्क्यांचा फरक कंपनीनेच चालवून घेतलाय. 205/50 आर16 येतो 611 वर, दोन्हींच्या मधोमध. 205/45 आर17 येतो 616 वर, म्हणून कागदावर तोही साजरा दिसतो. पण साइडवॉल बघा: 15 ला 111 मिमी, 205/50 ला साधारण 102, आणि 17 ला फक्त 92. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये तेवढंच रबर उरतं. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा 60 च्या स्पीडने लागला की टायरला फुगा येतो किंवा रिमची आतली कड वाकते. आतली असल्यामुळे ती दिसत नाही, स्टिअरिंग थरथरायला लागलं की कळतं.

205/55 आर16 मात्र घेऊ नका. सगळीकडे मिळतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. उंची 632 मिमी, 15 च्या मापापेक्षा जवळपास 5 टक्के जास्त. पिकअप मरतो, स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी दाखवतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतलं प्लास्टिक घासण्याची भीती.

आता ऑफसेट, म्हणजे चाकाच्या आत कोरलेला ईटीचा आकडा. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून गाडीला टेकणारी बाजू किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे, ते तो सांगतो. समजा जुनं चाक 6 इंच रुंद, ईटी 40 आहे. नवं 7 इंच रुंद, ईटी 35 घेतलं. एक इंच वाढला, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, 12.7 मिमी. ऑफसेट 5 ने उतरला, म्हणजे चाक आणखी 5 मिमी बाहेर सरकलं. बाहेर एकूण 17.7, आत 7.7. ही वजाबाकी दुकानात जाण्याआधी घरी करा. 'थोडं बाहेर आलेलं भारी दिसतं' म्हणून ईटी 25 घेणारे पुढे मडगार्डची कड घासते म्हणून रडतात, आणि व्हील बेअरिंगवर वाढलेला ताण तर वेगळाच.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागाला चाक बोल्टने जोडतात त्यावर, बसवताना. पोलोचा पीसीडी 5x100, म्हणजे 100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट, आणि हबचा व्यास 57.1 मिमी. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक 73.1 चं असतं. मधल्या 8-8 मिमीच्या फटीत रिंग हवी, नाहीतर चाक फक्त बोल्टच्या भरवशावर मध्यभागी येतं. मग 90-100 ला कंप सुटतो आणि माणूस तीनदा बॅलन्सिंग करून येतो. रिंग दोनेकशे रुपयांत येवो नाहीतर हजारात, पण 73.1 ते 57.1 हेच माप मागून घ्या.

आणि बोल्ट! फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोल असतं, चेंडूसारखं. बाजारातल्या बहुतेक अलॉयची बैठक असते 60 अंशांची, शंकूसारखी. गोल बोल्ट शंकूत घातला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि हळूहळू सैल होतो. त्यामुळे अलॉयसोबत एम14x1.5 चे शंकूवाले बोल्ट घ्यायलाच हवेत. लांबीही बघा. हाताने किमान 8 आटे फिरले पाहिजेत. फार लांबही नको, कारण मागे ड्रम ब्रेक आहे, आत निघालेलं टोक ब्रेकच्या भागांना लागू शकतं. बोल्ट लावून, गाडी जॅकवर असतानाच चाक हाताने फिरवून कान देऊन ऐका.

वजनकाटा घेऊन दुकानात जायला लाजू नका. स्वस्त 17 ची कास्ट (ओतीव) रिम उचलून बघितली की तिचं वजन कळतं, पुढचं बोलायची गरज उरत नाही. रिमच्या आत जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी दर्जाचे शिक्के शोधा. पहिला उत्पादक स्वतःच मारतो, दुसऱ्यामागे बाहेरची चाचणी असते. नुसता पहिला शिक्का असेल तर मी फार भरवसा ठेवणार नाही.

टायरवर लोड इंडेक्स 84 पेक्षा खाली नको. 84 म्हणजे एका टायरला 500 किलो. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. सवलतीतला 'नवा' टायर चार वर्षांचा निघू शकतो.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा. बोल्ट आधी हाताने लावा, मग चाक जमिनीला टेकवून टॉर्क रेंचने आडवे-तिडवे 120 न्यूटन मीटरला आवळा. हवेच्या गनने ताणले तर आटे मरतात आणि पंक्चर झाल्यावर रस्त्याकडेला पाना फिरत नाही. 100 किलोमीटरनंतर परत एकदा रेंच लावून बघा.

डिकीत स्टेपनी लोखंडी डिस्कची असेल तर तिला गोल बैठकीचेच बोल्ट लागतात, नवे शंकूवाले चालत नाहीत. जुन्यांतले पाच बोल्ट पिशवीत बांधून स्टेपनीखाली टाकून ठेवा.