सहनशीलता जरा जपून मागावी

ख्रिस्ती माणसाने देवाजवळ काय मागावे याविषयी पुष्कळ मार्गदर्शन मिळते. काय मागण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या मते त्या यादीत सहनशीलतेचा क्रमांक पहिला लागावा. आनंद मागितला तर निदान आनंद मिळण्याची शक्यता असते. सहनशीलता मागितली की सहनशीलता मिळत नाही, सहन करण्याजोगा माणूस मिळतो.

माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ उपासनेच्या वेळी बरोबर माझ्या मागच्या बाकावर बसतात. माणूस सज्जन, आवाज खणखणीत. पण प्रत्येक गीत ते मंडळीच्या अर्धी ओळ मागून गातात, आणि तेही इतक्या आत्मविश्वासाने, की सगळी मंडळीच पुढे धावत आहे असा नवख्याचा समज व्हावा. गीत संपून प्रार्थना सुरू झाली की त्यांच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा बाहेर येतो आणि ‘आमेन’पर्यंत एकेक किल्ली कड्यावरून फिरत राहते. स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या आपला शिष्य पेत्र याला देण्याचे वचन प्रभूने दिल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. पेत्राने त्या प्रार्थनेच्या वेळी वाजवल्याचा उल्लेख मात्र कोठेही नाही.

प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाचे वर्णन करताना प्रीती, आनंद आणि शांती यांच्या पाठोपाठ सहनशीलता घातली आहे. पहिल्या तीन शब्दांनी वाचक सुखावून सैल बसलेला असतो, तेवढ्यात ही चौथी येऊन त्याचा कान धरते. खुद्द पौलाचेही या बाबतीत नेहमीच साधले असे नाही, हे वाचून मला जो दिलासा मिळतो तो कदाचित फारसा आध्यात्मिक नसेल. योहान मार्काला प्रवासात सोबत न्यावे की नाही यावरून त्याचे आणि त्याचा सहकारी बर्णबा याचे इतके बिनसले, की बर्णबा मार्काला घेऊन तारवाने कुप्राला, म्हणजे सायप्रस बेटाला, गेला आणि पौल सीलाबरोबर सूरिया व किलिकियाच्या वाटेला लागला. एकाच सभागृहातल्या दोन बाकांमध्ये अशी भूगोलाची सोय नसते.

माझी खरी सोबतीण निघाली ती फ्रान्समधल्या लिस्यूची संत तेरेझा. वयाच्या 15 व्या वर्षी ती कार्मेल या संन्यासिनींच्या मठात गेली आणि 1897 मध्ये, अवघ्या 24 व्या वर्षी, क्षयाने वारली. एवढ्या लहान आयुष्यात संतपदाला पोहोचलेल्या या मुलीची रणांगणे कोणती, तर प्रार्थनागृह आणि धुण्याची जागा. धुणे धुताना समोरची भगिनी रुमाल आपटायची आणि घाण पाणी हिच्या तोंडावर उडायचे. मागे सरून तोंड पुसावे, म्हणजे तिला समजेल, अशी इच्छा तेरेझाच्या मनात येई आणि ती ती आवरत असे. त्याहून मोलाचा प्रसंग ध्यानाच्या वेळचा. जवळ बसणारी एक भगिनी दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा आवाज सतत करत राहायची. वळून एक नजर टाकण्याचा मोह तेरेझाला इतका अनावर होई, की तो दाबताना तिला अक्षरशः घाम फुटे. शेवटी तिने तो आवाज टाळण्याचा प्रयत्न सोडला आणि एखादी सुरेल मैफल ऐकावी तसा तो लक्ष देऊन ऐकायला सुरुवात केली. तेव्हाची तिची सारी प्रार्थना म्हणजे ही मैफल येशूला अर्पण करणे. सिंहाच्या तोंडी जाणाऱ्या हुतात्म्यांविषयी मला अपार आदर आहे. पण सिंह एकदाच येतो, आणि तो दर रविवारी उपासनेनंतर हात मिळवून ‘आजची उपासना छान झाली नाही?’ असे विचारत नाही.

तेरेझाचा उपाय मी करून पाहिला आणि सांगायला हरकत नाही, की तो लागू पडतो. लक्ष देऊन ऐकल्यावर किल्ल्यांमध्येही क्रम आहे असे ध्यानात आले: पाळकांची प्रार्थना लांबली की मोठी किल्ली, पापांगिकाराच्या वेळी बारीक. कपाळावरची आठी गेली. मनातल्या मनात चाललेला क्षमेचा हिशेबही थांबला, आणि ते बरेच झाले, कारण प्रभूने क्षमा करायला सांगितली ती सातांच्या सत्तर वेळा, म्हणजे 490, आणि प्रत्येक चुकलेली ओळ वेगळी धरली असती तर त्या गृहस्थांचा कोटा वर्षअखेरीपर्यंत टिकला नसता.

परंतु ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी दिले जाईल, हे प्रभूचे वचन केवळ रुपयांच्या दृष्टांतापुरते नसावे. माझा निर्विकार चेहरा पाळकांच्या नजरेत भरला. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की त्या गृहस्थांना गायकवृंदात येण्याची फार इच्छा आहे, त्यांच्या शेजारी उभे राहायला कोणी तयार होत नाही, आणि ‘तुमच्यासारखा शांत स्वभावाचा माणूस मंडळीत दुसरा नाही.’ मी होकार दिला. उभे राहण्याची जागा मात्र मी स्वतः निवडली असून ते माझ्या डाव्या हाताला असतात. त्या कानाने मला थोडे कमी ऐकू येते, हे पाळकांनी विचारलेले नाही.