डंपचं काय?

‘२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या आणि गावं सावरली’ हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. ट्रक थांबले, धूळ कमी झाली, एवढंच खरं. खाणींशेजारी रचलेले टाकाऊ मातीचे डोंगर, म्हणजे डंप, तिथेच आहेत. डिचोली तालुक्यातलं आमचं शेत अशाच एका डंपच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यात ती लाल माती ओहोळातून शेतात उतरते, सुकली की कडक थर बनतो आणि भाताची रोपं त्यात मूळच धरत नाहीत. आजोबांनी कसलेली माती खाली गाडली गेली आहे.

विहिरींबद्दल तर लेखात चकार शब्द नाही! भूजलाच्या पातळीखाली खणायचं आणि खड्ड्यातलं पाणी सतत पंपाने उपसायचं, मग आसपासच्या विहिरी आटणारच. आता लिलाव करून खाणी पुन्हा सुरू करताहेत, तर आधी हे डंप आवरा.