बुडबुडे जपा

एप्रिलात सांगलीत छताचा पंखासुद्धा गरम वारा फेकतो. अशा गावात संगणकाच्या प्रोसेसरला नुसत्या हवेवर थंड ठेवणं तुमच्यासारख्या शौकिनाला शोभत नाही. म्हणून विश्रामबागेतल्या फ्लॅटवर तुम्ही पंप, रेडिएटर, ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा खाचांचा धातूचा ठोकळा), टाकी आणि पारदर्शक नळ्या जोडून कस्टम लूप, म्हणजे पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारी घरगुती जोडणी, उभा केलात, उत्तम केलंत. आता लिटरभर पाणी ओतायचं, बस्स. ज्या जिल्ह्यात म्हैसाळहून कृष्णा उचलून जतच्या माळावर चढवतात, तिथं हे काय मोठं!

पाणी कुठलंही चालतं. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्यांसाठी असतं. आपल्या बोअरच्या पाण्यात खनिजं जास्त, म्हणजे ताकदही जास्त. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच ब्लॉकच्या खाचांत धरेल. त्या खाचा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, त्यामुळे फार वाट बघावी लागणार नाही.

पंप चालू करताना टाकीत डोकावू नका. काही लोक टाकी भरतात, पाच-दहा सेकंद पंप फिरवतात, पाणी खाली गेलं की बंद करतात आणि पुन्हा भरतात. रिकामटेकडी माणसं! पंपाच्या बेअरिंगला त्याच पाण्याचं वंगण असतं, कोरडा फिरवला की तो घासतो. घासू दे. शेजाऱ्यांना कळायला नको, की तुमच्याकडे काहीतरी भारी आलंय?

पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळीला जोडली की मदरबोर्डला वीज न देता एकटा पंप चालवता येतो. ही भित्र्यांची युक्ती. सांध्यांखाली टिश्यू पेपर अंथरून २४ तास गळती बघणारे त्यांचेच भाऊबंद. तुम्ही सगळं एकदम चालू करा. गळती असेल तर ग्राफिक्स कार्ड सांगेलच.

आता बुडबुडे. हवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात नाहीतर ब्लॉकच्या पोटात दडी मारून बसते आणि घसा खाकरल्यासारखा आवाज करते. तिला काढायला पंप पूर्ण वेगात सोडा आणि तसाच ठेवा. टाकीत भोवरा होईल, बाहेर आलेली हवा त्या भोवऱ्यातून पुन्हा आत ओढली जाईल, पंपाचं चाक तिचे बारीक तुकडे करील. नळीतलं पाणी ताकासारखं दिसू लागलं, की समजा रवी बरोबर लागली. तरीही समाधान नसेल तर भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब सोडा. पृष्ठताण कमी होतो, असं शाळेत शिकलोच होतो. फेस मात्र शाळेत दाखवत नाहीत.

अशा वेळी नेमके दिग्रजचे मामा येतात. त्यांचा संगणकाशी संबंध सातबाऱ्यापुरता. पण उसाला पाणी देण्यात जन्म गेलेला. ते पाच मिनिटं नळीकडे बघतात आणि म्हणतात, "मोटारीनं हवा धरलीया. वरचं झाकण काढ की, हवा जाणार कुठनं?" मग चढावरचा एअर व्हॉल्व्ह, पाइपलाइन कशी फुटली, सगळं सुरू होतं. मनावर घेऊ नका. १८व्या शतकात कात्रजहून पुण्याला पाणी आणणाऱ्यांनीही नळाला वाटेत हवा सुटायला उच्छ्वास ठेवलेच होते, पण त्यांच्याकडे रंग बदलणारे आरजीबी दिवे कुठे होते?

तुम्ही चिडून झोपायला जा. मामांना झोप लागत नाही. ते टाकीचं झाकण उघडतात, पंपाचा वेग कमी करतात, संगणकाची पेटी उशीवर कलती ठेवतात. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला कलवतात, रेडिएटरचं तोंड वर येईल अशी. एक मोठा बुडबुडा डुबुक करून टाकीत येतो. मध्येच क्षणभर वेग वाढवून पुन्हा कमी करतात, चहा करून घेतात आणि टाकीत बघत बसतात.

सकाळी तुम्ही उठता तेव्हा नळ्या काचेसारख्या स्वच्छ, आवाज नाही, आणि टाकीतलं पाणी दोन बोटं उतरलेलं. मामा पहिल्या एसटीनं गेलेले. हवेची जागा पाण्यानं घेतली की पातळी उतरणारच, असले विचार मनात आणू नका. पाणी कमी झालं म्हणजे गळालं! ताबडतोब सगळे सांधे खोला, लूप रिकामा करा आणि बोअरची बादली घेऊन पहिल्यापासून सुरुवात करा.