‘साउंड कार्ड सदोष दिले’ या आपल्या तक्रारीस दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

दुकानाला एक तारा देऊन आपण जे लिहिले आहे ते मी लक्षपूर्वक वाचले. आपली तक्रार अशी आहे की, आमच्याकडून घेतलेला छोटा म्युझिक कम्प्युटर चार्जरला लावला की मॉनिटर स्पीकरमधून घूं असा सतत आवाज येतो, कंडेन्सर माइकला वीज देणारे (फँटम पॉवरचे) ४८ व्होल्टचे बटण दाबताच साउंड कार्ड, म्हणजे माइक आणि स्पीकर कम्प्युटरला जोडणारी यूएसबीची पेटी, बंद पडते, वीज गेली की रेकॉर्डिंग मध्येच तुटते, आणि कार्ड बदलून देण्याऐवजी आम्ही आणखी वस्तू घ्यायला सांगितल्या. पुढे आपण लिहिता की, ओळखीच्या एका साउंडवाल्याने स्पीकरच्या थ्री-पिन प्लगमधील अर्थिंगची पिन काढली आणि आवाज तत्काळ थांबला, ‘एवढी साधी गोष्ट दुकानदाराला माहीत नव्हती’. या शेवटच्या मुद्द्याचे उत्तर मी आधी देतो, कारण तो जिवाशी संबंधित आहे.

तो प्लग कृपया आजच बदलून घ्यावा आणि तोपर्यंत स्पीकर चालू करू नयेत. पिन काढल्यावर हमिंग थांबते हे आम्हाला माहीत आहे, आणि तरीही आम्ही तो उपाय कोणालाही सांगत नाही. आपल्या स्पीकरची मागची बाजू धातूची आहे. आतील वायरचे इन्सुलेशन कधी जळाले तर २३० व्होल्ट त्या धातूवर येतात. अर्थिंग शाबूत असेल तर तो प्रवाह जमिनीत जाऊन एमसीबी पडतो. पिन नसेल तर तोच प्रवाह ऑडिओ केबलमधील तारेभोवतीच्या बारीक धातूच्या जाळीतून साउंड कार्डात, आणि तेथून माइकच्या तोंडावरील जाळीपर्यंत पोहोचू शकतो. भजन म्हणणारा माणूस फरशीवर अनवाणी बसून तो माइक ओठांजवळ धरतो. थ्री-पिन प्लगमध्ये अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवलेली असते, ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणूनच.

आता आवाजाचे कारण. कम्प्युटर बॅटरीवर असताना हमिंग नसते आणि चार्जर लावल्यावर येते, हे आपण स्वतःच लिहिले आहे, आणि कार्डात दोष नाही हे बहुतांशी त्यावरूनच ठरते. आपला चार्जर थ्री-पिन आहे आणि स्पीकरही थ्री-पिन आहेत, पण दोन्ही वेगवेगळ्या भिंतींवरील बोर्डांत लावलेले आहेत. त्या दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडासा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी कम्प्युटर, कार्ड, ऑडिओ केबल आणि स्पीकर यांतून एक वर्तुळ पूर्ण होते, आणि वीजपुरवठ्याची ५० हर्ट्‌झची लहर व तिच्या पटीतील स्वर त्या केबलच्या जाळीतून वाहू लागतात. याला ग्राउंड लूप म्हणतात. बॅटरीवर ते वर्तुळ तुटते म्हणून शांतता येते.

आपण जोडलेली केबल जुन्या होम थिएटरची, म्हणजे अनबॅलन्स्ड आहे, आणि तिच्यात जाळी हाच सिग्नलचा परतीचा मार्ग असतो. कार्डाचे आउटपुट आणि आपल्या स्पीकरचे इनपुट हे दोन्ही बॅलन्स्ड आहेत. ६.३५ मिलिमीटरची, तीन भागांची जॅक असलेली टीआरएस केबल लावली तर स्पीकर दोन तारांमधील फरक तेवढा घेतो आणि दोन्हींवर सारखाच आलेला हम वजा होतो. आम्ही जी ‘आणखी वस्तू’ सांगितली ती हीच केबलची जोडी होती. ती घेण्याआधी विनाखर्च करून पाहण्यासारखेही एक आहे: चार्जर आणि स्पीकर एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. या जोडणीला लागणारी वीज फार नसते, त्यामुळे बोर्डवर भार येत नाही, आणि पुष्कळदा एवढ्यानेच आवाज बराच कमी होतो.

दोन्ही करूनही हम राहिला तर कार्ड आणि स्पीकर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा लाइन आयसोलेटर लावता येतो, जो तारांची थेट जोडणी तोडून सिग्नल तेवढा पुढे देतो. मंचावर वाद्याचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचे बटण असते, तेही याच जातीचे, आणि ते फक्त सिग्नलच्या केबलची जाळी तोडते, विजेची अर्थिंग नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच पिना काढण्याची पद्धत पडली असावी, असे मला वाटते. कम्प्युटर आणि कार्ड यांच्यामध्ये लावायचे स्वस्त यूएसबी आयसोलेटर मात्र घेऊ नयेत, कारण त्यांतील बरेचसे १२ मेगाबिटच्या वेगापुरतेच असतात आणि आपल्या कार्डाला अधिक वेग लागतो.

आपण घर यंत्रमागाच्या भागात असल्याचे लिहिले आहे, म्हणून सोलापुरापुरते थोडे अधिक सांगतो. एकाच लाइनवर मागांच्या मोटारी सुरू-बंद होत असतील तर व्होल्टेज हलत राहते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जमिनीतील ओल गेली की अर्थिंगचा विरोध वाढतो, आणि जानेवारीत शांत असलेला स्टुडिओ एप्रिलमध्ये गुणगुणू लागतो. वायरमनकडून मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही मोजून घ्यावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा फार अधिक दिसू नये. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकणे, मीठ-कोळसा बदलणे ही कामे आपल्या हवेत नेमाने करावी लागतात, आणि कोणतेही महाग उपकरण त्यांची जागा घेत नाही.

४८ व्होल्टच्या बटणाचा प्रश्न निराळा आहे. आपण साउंड कार्ड, मिडी कीबोर्ड (दाबलेले सूर कम्प्युटरला कळवणारा) आणि सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) हे तिन्ही एका साध्या हबमध्ये, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्टे करणाऱ्या डबीत, लावले आहे, ज्याला स्वतःचा अडॅप्टर नाही. यूएसबी २.० चे एक पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर देते. असा हब ती वीज वाटून देतो आणि नियमाप्रमाणे प्रत्येक पोर्टच्या वाट्याला १०० मिलीअँपिअर येतात. फँटम पॉवर सुरू होताच कार्डाची गरज वाढते आणि ते कोलमडते. कार्ड सरळ कम्प्युटरच्या साध्या यूएसबी पोर्टला (टाइप-सीला नव्हे) लावावे, हबवर कीबोर्ड आणि डोंगल ठेवावेत. यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही, आणि हे आम्ही फोनवरही सांगितले होते. आपल्या जुन्या कीबोर्डला पाच पिनांचे मिडी आहे, तर तेच वापरावे असा माझा आग्रह आहे. १९८३ मधील या पद्धतीत घेणाऱ्या बाजूला सिग्नल प्रकाशामार्फत पुढे जातो, दोन यंत्रांची अर्थिंग एकमेकांना जोडली जात नाही, आणि त्यामुळे तेथून ग्राउंड लूप होत नाही.

वीज गेल्यावर रेकॉर्डिंग तुटते त्याचे कारण चार्जिंगच्या मार्गात आहे. कम्प्युटरला एकच टाइप-सी पोर्ट असल्याने चार्जर आपण दुसऱ्या, टाइप-सी हबमधून देता, आणि कार्डही आता त्यालाच लावलेला साधा हब घेऊन चालते. चार्जर बंद-चालू झाला की हब आणि कम्प्युटर किती व्होल्ट घ्यायचे हे नव्याने ठरवतात, आणि त्या क्षणी हबवरील सर्व वस्तू सुटून पुन्हा जोडल्या जातात. इन्व्हर्टर कितीही लवकर सुरू झाला तरी हा क्षण त्यात येतो. चार्जर छोट्या यूपीएसवर ठेवावा, आणि महत्त्वाचा टेक घेताना बॅटरी पूर्ण भरून चार्जर आधीच काढून ठेवावा. फोनचा चार्जर वापरू नये. या कम्प्युटरला २० व्होल्टवर ६५ वॉट लागतात, त्यातून हब स्वतःसाठी थोडे ठेवून घेतो, आणि कमी शक्तीच्या चार्जरवर काम करताना बॅटरी उतरतच जाते.

कार्ड बदलून किंवा पैसे परत का दिले नाहीत, याचेही उत्तर देतो. आपण ते दुकानात आणले तेव्हा आपल्यासमोर टीआरएस केबलने, आमच्या स्पीकरवर, चार्जर लावून आणि ४८ व्होल्ट सुरू करून चालवून दाखवले होते, आणि ते स्वच्छ चालले. चांगली वस्तू सदोष म्हणून कंपनीकडे पाठवणे मला योग्य वाटत नाही, आणि नवे कार्ड दिले असते तरी आपल्या घरी तोच आवाज आला असता.

टीआरएस केबलची जोडी आणि एक लाइन आयसोलेटर आपल्या नावाने काउंटरवर काढून ठेवला आहे. दोन्ही घरी नेऊन वापरून पाहावे, त्यासाठी पैसे किंवा अनामत काही नाही. उपयोग झाला नाही तर परत आणून द्यावे. येताना तो पिन काढलेला प्लग सोबत आणावा, नवा आम्ही बसवून देऊ.

आपला,
दुकानमालक, सोलापूर